गावरान अंड्यात काळीज जुळताना कसं बघायचं, अन पेशींना तिथवर आणणारे जीन कुठं शोधायचे

शनिवारी रात्री ९ ला अंडी उबेला ठेवायची, सोमवारी सकाळी १० ला उघडायची. हिशेबानं ३७ तास होतात, पण थंड अंडं आतून गरम व्हायलाच तीन-चार तास खातं, म्हणून गर्भ निघतो ३३-३४ तासांचा, आणि नेमकी हीच ती वेळ जेव्हा डावीकडून आलेली अन उजवीकडून आलेली अशा दोन हृदयनळ्या मधे येऊन एक झालेल्या असतात आणि पहिला ठोका आत्ता पडतो का मग पडतो अशी परिस्थिती असते. मी केज तालुक्यातल्या एका कॉलेजात सीएचबीवर झूऑलॉजी शिकवतो, सीएचबी म्हणजे तासाप्रमाणे पैसे अन ते पण येतील तेव्हा, आणि आमच्या लॅबमधल्या चिक एम्ब्रियोच्या स्लाइडी इतक्या जुन्या की चिठ्ठ्या गळून गेल्यात, १८ तासांची कुठली अन २४ ची कुठली हे कुणालाच माहीत नाही. त्यात स्लाइडीतलं काळीज हालत नाही. म्हणून मी अंड्यांकडं वळलो. खाली सगळं सांगतो, पेटीपासून जीनपर्यंत. (काळीज म्हणजे इथं हृदय बरं का. मटणाच्या दुकानात काळीज म्हणलं की लिव्हर देतात, पोरं दर वर्षी तिथंच घोळ घालतात.)

अंडी कुठली

दुकानातली पांढरी अंडी आणू नका. त्या पोल्ट्रीत कोंबडाच नसतो, त्यामुळं ते अंडं २१ दिवस उबवा नाहीतर २१ वर्षं, आत काही होणार नाही. ज्या घरी कोंबडा मोकळा फिरतो तिथली गावरान अंडी आणा. कोंबडा पाहुण्याला कापला असं कुणी सांगितलं तरी लगेच नाराज होऊ नका, कोंबडीच्या अंगात बीज साठवून ठेवायच्या बारीक नळ्या असतात, त्यावर ती आठ-दहा दिवस तरी फळलेली अंडी देऊ शकते. खात्री करायची असली तर एक अंडं बशीत फोडा. पिवळ्यावर नुसता पांढरा ठिपका असेल तर वांझ, अन ठिपक्याभोवती गोल कडं असेल, मधे जरा पारदर्शक, तर फळलेलं. त्या कड्यात ह्या घडीला चाळीस ते साठ हजार पेशी तयार होऊन बसलेल्या असतात, अंडं घालायच्या आधी कोंबडीच्या पोटातच झालेल्या.

अंडं आठ दिवसांच्या आतलं पाहिजे, अन थंड जागेतलं पाहिजे. आपल्याकडं खरी अडचण इथं आहे. साधारण २१ डिग्रीच्या खाली गर्भ झोपून राहतो, त्याच्या वर गेला की अर्धवट जागा होतो, थोडा वाढतो, थांबतो, परत वाढतो आणि मग मरतो. आता एप्रिल-मे मधे पत्र्याच्या खोलीत ४० च्या वर पारा असतो, त्या खोलीत टोपलीत ठेवलेल्या अंड्यांचं काय होत असेल तुम्हीच बघा. पहिल्या वर्षी मी एप्रिलमधे केलं होतं, २० अंड्यांतून ४ निघाले, त्यात पण एक १८ तासांचा अन एक ४० तासांचा, एकाच पेटीतले. तेव्हापासून दिवाळी झाली की सुरू करतो अन महाशिवरात्रीला बंद. तरी मधे ठेवायची वेळ आली तर माठाच्या बुडाशी ओलं पोतं टाकून त्यावर टोपली ठेवा. फ्रिजमधे ठेवू नका, तिथं ४-५ डिग्री असतं, ते जास्तच गार.

पेटी

थर्मोकोलचा खोका, ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब, बाजारात मिळणारी थर्मोस्टॅटची छोटी प्लेट, अन कोपऱ्यात वाटीभर पाणी, झालं. ३७.५ ते ३८ वर सेट करा, थर्मामीटर अंड्याच्या उंचीला ठेवा, झाकणाला चिकटवू नका, वर नेहमी दोन डिग्री जास्त दाखवतं. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. अंडी आडवी ठेवायची अन वरच्या बाजूला पेन्सिलीनं फुली मारायची, कारण गर्भ कायम पिवळ्याच्या वरच्या टोकाला तरंगत येतो आणि दोन दिवसांनी तुम्हाला फुलीखालीच खिडकी पाडायची आहे.

लाईट गेली तर? जाणारच. आमच्याकडं सिंगल फेज गेली की दोन-तीन तास येत नाही. घाबरायचं कारण नाही, पहिल्या दोन दिवसांत गर्भ गार पडला तर मरत नाही, नुसता मागं पडतो, तेवढे तास पुढं ढकला. खोक्यात गरम पाण्याच्या दोन बाटल्या ठेवल्या तरी भागतं. उलटं मात्र वाईट, प्लेट बिघडून ४० च्या वर गेलं की संपलं. खुडूक कोंबडी मिळाली तर ती ह्या सगळ्या पेटीपेक्षा भारी, तिला लाईट लागत नाही, फक्त सगळी अंडी तिच्याखाली एकाच वेळी सरकवायची अन वेळ लिहून ठेवायची. माझी माय म्हणते तुमच्या कॉलेजला एवढी मशिनी कशाला लागते, आमची खुडूक तांबडी न्या. एकदा नेली पण होती. लॅबमधे तिनं जे केलं ते साफ करायला शिपाई मामा लोकांनी नकार दिला.

उघडायचं कसं

मेडिकलमधून ०.९ टक्क्याची सलाईनची बाटली, ५ एमएलची सिरींज, बारीक टोकाची कात्री, चिमटा, चिकटपट्टी आणि फिल्टर पेपर आणा. सलाईन पेटीतच ठेवून कोमट करा. अंड्याच्या बोथट टोकाला सुईनं भोक पाडून खालच्या बाजूनं दोन-तीन एमएल पातळ पांढरं ओढून घ्या, त्यानं पिवळं खाली बसतं आणि गर्भ कवचापासून सुटा होतो. हे न करता कात्री चालवली तर गर्भ कात्रीलाच चिकटून येतो, सगळ्यांचा पहिला गर्भ असाच जातो. भोक पट्टीनं बंद करा, फुलीवर पण पट्टी लावा म्हणजे कवचाचे तुकडे आत पडत नाहीत, मग रुपयाएवढी खिडकी कापा.

३३ तासांना डोळ्यांना काही दिसेल असं नाही. पांढऱ्यावर पांढरं असतं. दोन उपाय आहेत. एक, काळी ड्रॉइंग इंक सलाईनमधे दहापट पातळ करून बारीक सुईनं गर्भाच्या खाली पिवळ्यात थेंबभर सोडा, काळ्यावर गर्भ कसा उठून दिसतो बगा. दुसरा, अन मला हाच आवडतो, फिल्टर पेपरची अंगठी. पेपर दीड-दोन सेंटिमीटर गोल कापा, मधे सेंटिमीटरभर भोक, ती अंगठी गर्भाभोवती बसवा, मिनिटभर थांबा, पिवळ्यावरचा पडदा तिला चिकटतो, मग बाहेरून कात्री फिरवून अंगठी उचला आणि कोमट सलाईनच्या बशीत पोटाची बाजू वर करून ठेवा. हृदय पोटाकडून दिसतं, पाठीकडून बघत बसाल तर मेंदूच्या नळीच्या आड राहतं. डिसेक्टिंग मायक्रोस्कोप असला तर उत्तम, नसला तर घड्याळवाल्याकडचं १० पटीचं भिंग अन मोबाइल.

डोकं कुठल्या बाजूला असेल हे अंडं फोडायच्या आधीच सांगता येतं, पोरांसमोर ह्याचा लई रुबाब पडतो. बोथट टोक तुमच्या डाव्या हाताला ठेवा, बहुतेक वेळा गर्भ आडवा पडलेला असतो अन डोकं तुमच्यापासून लांबच्या बाजूला असतं. फॉन बेअरचा नियम म्हणतात त्याला.

आता जीन

दिसतं काय ते झालं, पण ते दिसण्याआधी पेशी कुठून कुठं आल्या हे कळल्याशिवाय त्या ठोक्याला अर्थ नाही. हृदय ज्या पेशींपासून होतं त्या सुरवातीला हृदयाच्या जागेवर नसतातच. वर्गात हे सांगताना मी ऊसतोडीचं उदाहरण देतो, कारण आमच्या अर्ध्या पोरांना स्थलांतर म्हणजे काय हे पुस्तकातून शिकवावं लागत नाही, दसरा झाला की मायबाप टोळीत निघतात, पोरगं हंगामी वसतिगृहात नाहीतर आज्जीकडं, अन पोरगं मोठं असलं तर तेही कोयत्यावर. एका पोरीनं मला विचारलं, सर म्हणजे जीन हा मुकादम आहे का. मी आधी हो म्हणलो. नंतर घरी जाताना कळलं की चुकलं. मुकादमाला कारखाना कुठं आहे ते माहीत असतं. जीनला काहीच माहीत नसतं. कुठल्याच जीनमधे हृदयाचा नकाशा नाही. जीन एवढंच करतो की पेशीला पाय देतो, नाक देतो, कुणाच्या वासापासून पळायचं अन कुणाच्या वासाकडं जायचं एवढी सवय लावतो, आणि दुसऱ्या कुठल्यातरी पेशीला तो वास सोडायला लावतो. वाट ह्या दोघांच्या मधे तयार होते. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

१२ ते १८ तास. ह्या वेळचं एक अंडं उघडाच, दिसायला साधं असतं पण सगळा खेळ इथंच सुरू होतो. गोल चकतीच्या मधोमध एक रेघ दिसते, प्रिमिटिव्ह स्ट्रीक, १८-१९ तासांना ती पूर्ण लांब झालेली असते. वरच्या थरातल्या पेशी ह्या रेघेत शिरून खाली उतरतात, गावाच्या वेशीतून बाहेर पडल्यासारख्या. हृदयाच्या पेशी रेघेच्या अर्ध्या लांबीच्या सुमारालाच, म्हणजे १२-१३ तासांपासून, उतरायला लागतात. उतरायला आधी शेजारणीचा हात सोडावा लागतो, कारण वरच्या थरात सगळ्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. हा हात सोडवणारा जीन कोंबडीत स्लग नावाचा, १९९४ मधे तो बंद करून बघितला तर पेशी रेघेतून नीट सुटून बाहेर पडेनात. हात सुटला की पाय फुटतात, पेशीच्या आतल्या ॲक्टिनच्या दोऱ्या पुढं ढकलून ती सरकायला लागते.

मग जायचं कुठं? इथं मला सगळ्यात आवडणारा प्रयोग आहे. २००२ मधे कोंबडीच्या गर्भात दाखवलं गेलं की रेघेतून एफजीएफ-८ नावाचं निरोप नेणारं प्रोटीन सुटतं अन त्याच्यापासून पेशी लांब पळतात, आणि मधल्या दांड्यातून, जिथं पुढं नोटोकॉर्ड (मणक्याच्या आधीचा आधाराचा दांडा) होणार, तिथून एफजीएफ-४ सुटतो अन त्याच्याकडं पेशी ओढल्या जातात. दोघं एकाच घराण्यातले, एक हाकलतो, एक बोलावतो. हृदयाच्या पेशींवर २००८ मधे वेगळं काम झालं, त्यात विंट-३ए हा पण रेघेतून येणारा हाकलणारा निघाला. विंट-३ए तयार करणाऱ्या पेशींचा गोळा गर्भात ठेवला तर हृदयाच्या पेशी त्याला वळसा घालून वाट बदलतात, आणि हे वळणं पेशीच्या आतल्या आरएचओ-ए नावाच्या प्रोटीनवर चालतं. मग त्या पेशी रेघेतून निघून आधी बाजूला पसरतात, मग पुढं डोक्याकडं चढतात, डावीकडच्या डावीकडं अन उजवीकडच्या उजवीकडं. लवकर उतरलेल्या आणि उशिरा उतरलेल्या यांचा नंबर पण बराचसा टिकतो, रेघेत पुढं असलेल्या पेशी हृदयाच्या बाहेर जाणाऱ्या टोकाला, मागच्या आत येणाऱ्या टोकाला.

उंदरात हेच काम बघायला मेस्प-१ हा जीन धरतात. हृदयाकडं जाणाऱ्या मेसोडर्मात, म्हणजे रेघेतून उतरलेल्या मधल्या थरात, तो थोडाच वेळ चालू राहतो अन बंद होतो. १९९९ मधे जपानच्या युमिको सागा यांच्या ग्रुपनं मेस्प-१ काढून टाकलेले उंदीर तयार केले, त्यांच्या हृदयाच्या पेशी निघायलाच उशीर करत होत्या अन नळ्या मधे येऊन नीट एक होत नव्हत्या. पेशी मेल्या नव्हत्या, हृदय व्हायला विसरल्या पण नव्हत्या, फक्त लेट झाल्या. गर्भात लेट होणं म्हणजे काय ते ह्यावरून कळतं.

२४ ते २८ तास. मणक्याचे पहिले चौकोन, सोमाइट, मोजता येतात. ४ जोड्या दिसल्या की २६ ते २९ तास धरा. तास विसरा अन सोमाइट मोजा, आपल्या पेटीच्या घड्याळावर भरवसा ठेवू नका, १९५१ मधे हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी कोंबडीच्या वाढीचे ४६ टप्पे पाडले ते ह्याचसाठी की तास फसवतात. आता डोक्याच्या खाली कमानीसारखी कड दिसेल, तिथून पुढच्या आतड्याचं तोंड सुरू होतं. ही कमान मागं मागं सरकते, अन तिच्या दोन्ही बाजूंनी हृदयाच्या पेशी मधे यायला लागतात. ह्या पेशींना आपण हृदय आहोत हे कळलंय का? कळायला लागलंय. खालच्या एंडोडर्ममधून, म्हणजे ज्या थराचं पुढं आतडं होतं त्यातून, बीएमपी-२ हा निरोप येतो, विंटला अडवणारी प्रोटीनं पण येतात, अन त्या शेजारात एनकेएक्स२-५ हा जीन चालू होतो. ह्याच जीनचा माशीतला भाऊ टिनमन, तो नसला की माशीला हृदयच होत नाही.

ह्या टप्प्यावर पोरांना मी विचारतो, पेशी चालत आल्या का आणल्या गेल्या? सगळे म्हणतात चालत. खरं उत्तर अर्धं-अर्धं आहे. ऊसतोडीची टोळी गावातून कारखान्यापर्यंत पायी जात नाही, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जाते, उतरल्यावर फडात चालते. तसंच इथं, पेशी खालच्या एंडोडर्मवर बसलेल्या असतात अन ते एंडोडर्मच आकसून त्यांना मधे ओढतं, २०१२ मधे कोंबडीच्याच गर्भात दाखवलंय की त्या कमानीजवळचं आकसणं थांबवलं की नळ्या जवळ येत नाहीत. आणि चालायला रस्ता पण लागतो. एंडोडर्म आणि हृदयाच्या पेशींच्या मधे फायब्रोनेक्टिन नावाच्या चिकट प्रोटीनचा थर असतो, त्याला पकडून पेशी सरकतात, १९८८ मधे फायब्रोनेक्टिन झाकून टाकणारी अँटीबॉडी घातली तर कोंबडीतल्या ह्या पेशी जागेवरच थांबल्या.

म्हणून मी म्हणतो जीन शोधायचा तर नुसता चालणाऱ्यात शोधू नका, वाटेत शोधा. झेब्रा मासा घ्या, तो मूळचा आपल्याच उपखंडातल्या नद्यांतला पट्टेवाला मासा, आता ॲक्वेरियमच्या दुकानात मिळतो. त्यात माइल्स अपार्ट नावाचा बिघाड आहे, नावाप्रमाणंच दोन हृदयं लांब लांब होतात. हा जीन एस१पी नावाच्या चरबीच्या रेणूचा निरोप घेणाऱ्या रिसेप्टरचा, हे २००० मधे कळलं. पण मजा पुढं आहे, चांगल्या माशाच्या हृदयपेशी ह्या बिघडलेल्या माशात टाकल्या तर त्या पण मधे आल्या नाहीत, अन बिघडलेल्या माशाच्या पेशी चांगल्या माशात टाकल्या तर त्या व्यवस्थित आल्या. पाय चांगले होते, रस्ता खराब होता. उंदरातल्या गाटा-४ ह्या जीनची पण तीच गोष्ट, तो नसला की नळ्या एक होत नाहीत, अन १९९७ मधेच दिसलं की एंडोडर्म तेवढं चांगलं दिलं की काम होतं, हृदयाच्या पेशींत गाटा-४ नसला तरी. आपल्या मांजरसुंब्याच्या घाटात ट्रॅक्टर पलटी झाला तर आपण ऊसतोड्याला दोष देत नाही, तसंच.

दोन काळजांचा प्रयोग

हे करायचं असलं तर अंडी रविवारी पहाटे ठेवा, म्हणजे सोमवारी सकाळी ४ सोमाइटांच्या आसपास सापडतात. अंगठीवरचा गर्भ पोट वर करून ठेवा अन त्या कमानीच्या कडेला, बरोबर मधे, बारीक सुईनं उभा छोटा काप द्या. अर्धा मिलिमीटरसुद्धा खूप होतो. मग गर्भ आगरवर, म्हणजे समुद्री शेवाळाच्या जेलीवर, ठेवायचा. आगरची कृती सोपी आहे, सलाईनमधे ०.६ टक्के आगर उकळून घ्या, हाताला सोसवेल एवढं कोमट झालं की तेवढंच पातळ पांढरं मिसळा, बशीत ओता, थिजू द्या. प्लेटीला ओल्या कापसाची सोबत देऊन डब्यात घाला अन डबा पेटीत ठेवा. दुसऱ्या दिवशी दहातल्या दोन-तीन गर्भांत तुम्हाला डावीकडं एक अन उजवीकडं एक, अशी दोन काळजं धडधडताना दिसतील. हा प्रयोग मूळ रॉबर्ट डेहानचा, १९५९ चा, त्यानं दाखवलं की दोन्ही अर्ध्यांना आपापला ठोका असतो. तुम्ही जीनला हात पण लावला नाही, नुसती वाट कापली, अन माइल्स अपार्टसारखाच निकाल आला. माझ्या एका पोरानं मोबाइलवर दोन्ही काळजांचा व्हिडिओ घेतला अन स्टेटसला ठेवला, त्याच्या चुलत्याला वाटलं हे काहीतरी करणीचं आहे.

न जमण्याचं मोठं कारण उशीर. ७ सोमाइट झाल्यावर काप दिला तर नळ्या आधीच चिकटलेल्या असतात. दुसरं कारण म्हणजे घाण. कात्री-चिमटा स्पिरिटनं पुसा, माशी बसू देऊ नका.

३३ ते ४८ तास. १० सोमाइट झाले की ठोका सुरू होतो, आधी हलकी थरथर, मधे मिनिटभर बंद, परत थरथर. रक्त अजून फिरत नसतं, काळीज नुसतं रिकामंच धडधडायला लागतं. सलाईन गार झालं की ठोके कमी होतात, टेबल लॅम्प जवळ आणला की वाढतात, हे जरूर करून बघा. ४० तासांच्या पुढं नळी एका बाजूला वाकते, गर्भाच्या उजवीकडं. पण तुम्ही पोटाकडून बघायलात, म्हणून ती तुम्हाला तुमच्या डावीकडं वाकलेली दिसेल, जर्नलमधे निम्मी पोरं उलटं काढतात अन एक्स्टर्नल मार्क कापतात. ही बाजू पण जीननंच ठरते, डावीकडं आधी सॉनिक हेजहॉग, मग नोडल, मग पिटएक्स-२ असा निरोप पुढं जातो. हा सॉनिक हेजहॉगचा एकतर्फीपणा १९९५ मधे कोंबडीतच सापडला.

तिसऱ्या दिवशी अंडं खिडकीतून बघा, भिंग लागत नाही, लाल ठिपका उड्या मारत असतो. ॲरिस्टॉटलनं तेवीसशे वर्षांपूर्वी हेच लिहून ठेवलंय, तीन दिवस-तीन रात्रींनी रक्ताचा ठिपका हालायला लागतो म्हणून. अन ह्याच वेळी दुसरी टोळी वाटेवर असते, ती तुम्हाला दिसणार नाही पण माहीत असू द्या. मानेच्या पाठीमागून, कानाच्या जागेपासून तिसऱ्या सोमाइटापर्यंतच्या पट्ट्यातून, न्यूरल क्रेस्टच्या (मेंदू-मज्जेच्या नळीच्या कडेच्या) पेशी निघतात अन घशाच्या कमानींतून उतरत हृदयाच्या बाहेर जाणाऱ्या नळीत शिरतात, तिथं त्या भिंत घालतात, एका नळीच्या दोन होतात, एक फुप्फुसाकडं, एक अंगाकडं. १९८३ मधे मार्गारेट कर्बी यांनी कोंबडीत ह्या पेशी काढल्या तर भिंतच झाली नाही. ह्या पेशी कुठून आल्या हे कळलं कसं? फ्रान्सच्या निकोल ल दुआरँ यांनी १९६९ मधे जपानी लाव्ह्याच्या पेशी कोंबडीच्या गर्भात बसवायची युक्ती काढली, लाव्ह्याच्या पेशीच्या केंद्रकात गडद गाठ दिसते, कोंबडीच्या पेशीत दिसत नाही, त्यामुळं पाव्हणी कुठवर गेली ते ओळखता येतं. ह्या टोळीला बोलावणारा एक निरोप म्हणजे सेमाफोरिन-३सी. आणि वाटेतल्या घशाच्या भागात टीबीएक्स-१ हा जीन कमी पडला की ही टोळी पण भरकटते, माणसात २२ नंबरच्या क्रोमोसोमचा तुकडा गळाला की हेच होतं, डीजॉर्ज सिंड्रोम म्हणतात.

माणसात हे सगळं फार लवकर उरकतं, गर्भ २२ दिवसांचा झाला की ठोका सुरू, अन आठव्या आठवड्यापर्यंत कप्पे बहुतेक तयार, तोवर कित्येक बायांना दिवस गेलेत हे पण कळलेलं नसतं. हजारात आठ-नऊ लेकरं हृदयाचा काही ना काही दोष घेऊन जन्मतात. शाळेत तपासणीची गाडी येते, डॉक्टर म्हणतात छिद्र आहे, अन गावात बायका त्या माउलीला म्हणतात गिऱ्हाण पाळलं नसशील, सुरी हातात घेतली असशील. एनकेएक्स२-५ मधल्या बिघाडानं कप्प्यांमधे छिद्र राहतं हे १९९८ पासून माहिती आहे, आणि सगळ्याच दोषांचं कारण जीन नसतो, आईची शुगर वाढलेली असली तरी धोका वाढतो. गिऱ्हाणाचा संबंध नाही. मी वर्गात हे मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या पाच वर्षांत ह्यातल्या बऱ्याच पोरी स्वतः त्या तपासणीच्या रांगेत असणार.

चौथ्या दिवसाच्या पुढं मी गर्भ नेत नाही. खिडकी पाडलेलं अंडं परत उबवून पिल्लू निघेल अशी आशा ठेवू नका, बघून झालं की लगेच फ्रिझरमधे ठेवा, दुसऱ्या दिवशी खड्डा करून पुरा, उकिरड्यावर टाकलं तर कुत्री ओढत आणतात अन मग शिपाई मामा परत आपल्याशी बोलत नाहीत. न उघडलेली, न उबवलेली उरली तर ती मात्र घरी न्या. आमच्याकडं सोमवारी रात्री अंडाकरीच असते.